‘डिस्कस अबाउट’ की नुसतं ‘डिस्कस’?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज आम्ही इंग्रजीतल्या काही क्रियापदांबद्दल बोलणार आहोत. इंग्रजीचं नाव काढलं की आपल्यातल्या कितीतरी जणी आवाज बारीक करायला हात पुढे करतात, हे आम्हाला माहीत आहे. पण थोडं थांबा. आजच्या कुलपाची किल्ली इंग्रजीत नाही, मराठीत आहे. आणि मराठी तर आपल्या सगळ्यांची घरचीच.

प्रश्न साधा आहे. समजा, बचत गटाची बैठक झाली, कर्जाबद्दल बोलणं झालं, आणि आता बँकेला इंग्रजीत चार ओळी लिहायच्या आहेत. ‘आम्ही कर्जाबद्दल चर्चा केली.’ हे इंग्रजीत कसं लिहायचं? ‘वी डिस्कस्ड अबाउट द लोन’ की ‘वी डिस्कस्ड द लोन’?

व्याकरणाची पुस्तकं म्हणतात, दुसरं बरोबर. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ नको. पण लगेच पुढचा प्रश्न येतो. ‘टॉक’च्या पुढे ‘अबाउट’ चालतं, ‘कम्प्लेन’च्या पुढे चालतं, मग ‘डिस्कस’नेच काय घोडं मारलंय? आमच्या इंग्रजीच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. तो विचारणारी बाई वेंधळी नसते, ती विचार करणारी असते. तिला ‘असंच असतं, पाठ करा’ असं उत्तर देऊन गप्प बसवणं आम्हाला पटत नाही. म्हणून आज जरा मुळातून बघू.

हे ‘अबाउट’, ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑन’, ‘विथ’ म्हणजे काय? आपण शाळेत त्यांना शब्दयोगी अव्ययं म्हणायचो. आपल्याकडे हे काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मिळून करतात. ‘घरात’मधला ‘त’, ‘आईला’मधला ‘ला’, ‘बसची’मधला ‘ची’, ‘कर्जाबद्दल’मधला ‘बद्दल’. आपण हे शब्दाच्या मागून चिकटवतो, इंग्रजी माणूस शब्दाच्या आधी ठेवतो. इथवर सोपं आहे.

खरी गंमत क्रियापदात आहे. मराठीत आपण पुष्कळदा एक नाम घेतो आणि त्याला ‘करणे’ किंवा ‘देणे’ जोडून क्रियापद तयार करतो. चर्चा करणे. विनंती करणे. मागणी करणे. लग्न करणे. प्रवेश करणे. संपर्क करणे. भर देणे. यातला पहिला शब्द नाम आहे, आणि नामाला जोडणारा धागा लागतोच. कशाबद्दल चर्चा? कर्जाबद्दल. कोणाशी लग्न? त्याच्याशी. कशावर भर? स्वच्छतेवर. कशाची मागणी? पाण्याची.

इंग्रजीत ‘डिस्कस’ हा एकच शब्द आहे. पण त्याच्या पोटात ‘चर्चा’ आहे, ‘करणे’ आहे आणि आपला ‘बद्दल’सुद्धा आहे. तिन्ही एकाच शब्दात बसलेत. आपण वरून आणखी एक ‘अबाउट’ घातलं, तर ते ‘कर्जाबद्दलबद्दल चर्चा केली’ म्हटल्यासारखं होतं. मीठ घातलेल्या आमटीत पुन्हा मीठ.

मग ‘अबाउट’ आपल्या तोंडी येतं कुठून? ते ‘डिस्कशन’ या नामाकडून येतं. ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द लोन’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. कारण इथे ‘डिस्कशन’ म्हणजे चर्चा, नाम. नामाला धागा हवा. क्रियापदाने तो गिळून टाकलेला आहे.

ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर डझनभर शब्द सुटतात. आम्ही एकेक जोडी सांगतो, तुम्ही मनात म्हणून बघा.

‘अवर डिमांड फॉर वॉटर’, म्हणजे आमची पाण्याची मागणी. इथे ‘डिमांड’ नाम आहे, ‘फॉर’ हवं. पण ‘वी डिमांड वॉटर’, आम्ही पाणी मागतो. इथे क्रियापद, ‘फॉर’ नको.

‘धिस इज माय रिक्वेस्ट टू यू’, ही माझी तुम्हाला विनंती आहे. नाम, म्हणून ‘टू यू’. पण अर्जात लिहिताना ‘आय रिक्वेस्ट यू’. मधे ‘टू’ नको. मग ‘आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह’ यात ‘टू’ आहे तो? तो ‘यू’च्या नंतरचा आहे, पुढच्या ‘ग्रँट’ या क्रियापदाचा. त्याला तिथेच राहू द्या.

‘एम्फसिस ऑन क्लीनलिनेस’, स्वच्छतेवर भर. पण ‘वी एम्फसाइझ क्लीनलिनेस’. आपल्या ‘वर’मुळे इथे ‘ऑन’ घुसतं, मोठमोठ्या भाषणांतसुद्धा.

‘हर मॅरेज टू हिम’, तिचं त्याच्याशी लग्न. पण ‘शी मॅरीड हिम’. ‘मॅरीड विथ हिम’ हा आपल्या ‘शी’चा प्रताप.

‘द इफेक्ट ऑफ रेन ऑन द क्रॉप’, पावसाचा पिकावर परिणाम. पण ‘रेन अफेक्टेड द क्रॉप’. ‘ऑन’ नाही.

‘प्लीज काँटॅक्ट द ऑफिस’, कार्यालयाशी संपर्क साधा. ‘काँटॅक्ट टू’ नाही, ‘काँटॅक्ट विथ’ नाही. ‘आय ॲम इन काँटॅक्ट विथ द ऑफिस’ म्हणाल तेव्हा मात्र ‘विथ’ हवं, कारण तिथे ‘काँटॅक्ट’ नाम झालं.

हॉटेलात ‘चहाची ऑर्डर दिली’ म्हणतो, म्हणून तोंडात ‘ऑर्डर्ड फॉर टी’ येतं. क्रियापद आहे, तर नुसतं ‘ऑर्डर्ड टी’.

आता ओळखायचं कसं? शब्दाच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘अवर’ असं काही बसलं असेल तर बहुधा ते नाम आहे, धागा लागेल. शब्दाच्या आधी ‘आय’, ‘वी’, ‘शी’ अशी करणारी व्यक्ती असेल तर ते क्रियापद आहे. तिथे थांबून विचार करा.

पण हा नियम सगळीकडे लावायला जाऊ नका. ‘कम्प्लेन’ला ‘अबाउट’ लागतंच. ‘अप्लाय’ला ‘फॉर’ लागतंच. कर्जासाठी अर्ज केला, ‘अप्लाइड फॉर अ लोन’. बँकेकडे अर्ज केला, ‘अप्लाइड टू द बँक’. ही क्रियापदं धागा गिळत नाहीत, हातात धरून चालतात.

आता उलटी बाजू बघू. काही ठिकाणी आपल्याकडे काहीच लागत नाही आणि इंग्रजीत लागतं. आपण म्हणतो, ‘मी गाणं ऐकते.’ गाण्याला प्रत्यय नाही. म्हणून ‘आय लिसन साँग’ असं निघतं. इंग्रजीत ‘लिसन टू द साँग’. आपण म्हणतो, ‘फोटो बघ.’ इंग्रजीत ‘लुक ॲट द फोटो’. आपण म्हणतो, ‘मी किल्ली शोधते.’ इंग्रजीत ‘आय ॲम लुकिंग फॉर द की’. आणि बसची वाट पाहताना ‘वेटिंग फॉर द बस’.

म्हणजे बघा, ज्या ठिकाणी आपल्याकडे धागा असतो तिथे इंग्रजीत कधी नसतो, आणि जिथे आपल्याकडे नसतो तिथे इंग्रजीत असतो. आपण चुकतो ते डोकं कमी म्हणून नव्हे. आपलं डोकं मराठीचं व्याकरण इमानेइतबारे पाळतं म्हणून. चुकीच्या घरात पाळतं, इतकंच.

सगळ्यात जास्त घोळ आपला ‘ला’ घालतो. ‘मला सांग. मला विचार. मला समजावून सांग.’ मराठीत तिन्हीकडे ‘मला’. इंग्रजीत काय होतं? ‘टेल मी.’ ‘आस्क मी.’ इथे ‘टू’ नाही. पण ‘एक्स्प्लेन’ला मात्र ‘टू’ हवं: ‘एक्स्प्लेन इट टू मी’. आपल्याकडे नेमकं उलटं ऐकू येतं, ‘टेल टू मी’ आणि ‘एक्स्प्लेन मी’. ‘मला कळवा’चंही तसंच. ‘इन्फॉर्म मी’ बरोबर, ‘इन्फॉर्म टू मी’ नाही. मुलांच्या शाळेला चिठ्ठी लिहिताना हे एवढं लक्षात ठेवा.

कुणी म्हणेल, एवढ्याशा शब्दाने असं काय बिघडतं? समोरच्याला अर्थ तर कळतोच ना? बहुतेक वेळा कळतो, हे खरं. ‘डिस्कस अबाउट द लोन’ म्हटलं तरी बँकेतल्या माणसाला कर्जाबद्दलच बोलणं चाललंय हे समजतं. पण काही ठिकाणी त्या शब्दाने अर्थ फिरतो. तिथे सावध राहायलाच हवं.

‘पोलिसांनी त्या बाईला शोधलं’ असं सांगायचं असेल, आणि आपण ‘द पोलीस सर्च्ड द वुमन’ म्हणालो, तर त्याचा अर्थ होतो पोलिसांनी त्या बाईची झडती घेतली. शोध घेतला म्हणायचं तर ‘सर्च्ड फॉर द वुमन’. एका ‘फॉर’ने हरवलेली बाई संशयित होते की नाही?

‘शी अटेंडेड द मीटिंग’ म्हणजे ती बैठकीला हजर होती. ‘शी अटेंडेड टू द पेशंट’ म्हणजे तिने रुग्णाकडे लक्ष दिलं, त्याची देखभाल केली. आशाताई, नर्सताई, तुमच्या अहवालात ही दोन्ही वाक्यं लागतात. दोन्हींचा अर्थ वेगळा.

‘ऑपरेट द मशीन’ म्हणजे यंत्र चालवणं. डॉक्टर पेशंटचं ऑपरेशन करतात तेव्हा ‘ऑपरेट ऑन द पेशंट’. आपण सर्रास ‘पेशंटला ऑपरेट केलं’ म्हणतो. मराठी बोलण्यात ते खपून जातं, पण इंग्रजी कागदावर ‘ऑन’ विसरू नका. माणूस म्हणजे यंत्र नव्हे.

‘पे’ हा शब्द तर रोजचा. ‘पे द बिल’, बिल भरा. ‘पे द टीचर’, बाईंना पैसे द्या. पण ‘पे फॉर द बुक्स’, पुस्तकांचे पैसे द्या. ज्याच्या हातात पैसे जातात किंवा जी रक्कम चुकती होते, तिथे नुसतं ‘पे’. ज्या वस्तूच्या बदल्यात पैसे जातात, तिथे ‘पे फॉर’.

आणि ‘एंटर’. घरात शिरली, ‘शी एंटर्ड द हाऊस’. ‘इन’ नको, ‘इनटू’ नको. पण भाड्याच्या किंवा कर्जाच्या करारावर ‘एंटर्ड इनटू’ असं छापलेलं दिसलं तर ते चुकीचं समजू नका. करार करणं या अर्थाने ‘एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट’ हेच बरोबर. असा कागद समोर आला की सही करण्याआधी पूर्ण समजून घ्या. ‘एंटर्ड इनटू’ म्हणजे तुम्ही करारात बांधल्या जाताय.

आता लक्षात कसं ठेवायचं? आमच्या वर्गात आम्ही हे शब्द जावा-जावांसारखे जोडीने शिकवतो. दोघी एकाच घरात, काम एकच, पण एकीला सोबत लागते आणि दुसरी एकटी बाहेर पडते. ऐका.

‘टॉक अबाउट’ आणि ‘डिस्कस’. पहिलीला सोबत, दुसरी एकटी.

‘रिप्लाय टू’ आणि ‘आन्सर’. पत्राला उत्तर द्या: ‘रिप्लाय टू द लेटर’, ‘आन्सर द लेटर’.

‘वेट फॉर’ आणि ‘अवेट’. पत्राच्या शेवटी आपण ‘अवेटिंग फॉर युअर रिप्लाय’ लिहितो. त्यातलं ‘फॉर’ काढा, किंवा ‘वेटिंग फॉर’ लिहा.

‘अराइव्ह ॲट’ आणि ‘रीच’. स्टेशनवर पोचलो: ‘अराइव्ह्ड ॲट द स्टेशन’, ‘रीच्ड द स्टेशन’. ‘रीच्ड ॲट’ नाही.

‘आस्क फॉर’ आणि ‘रिक्वेस्ट’. ‘कन्सिस्ट ऑफ’ आणि ‘कम्प्राइझ’. आमच्या गटात दहा जणी आहेत: ‘अवर ग्रुप कन्सिस्ट्स ऑफ टेन विमेन’, ‘अवर ग्रुप कम्प्राइझेस टेन विमेन’.

दुसरी एक युक्ती आहे. क्रियापद पाठ करताना त्याच्या पुढे प्रश्न जोडून पाठ करा. ‘लिसन, टू व्हॉट?’ ‘वेट, फॉर हूम?’ ‘डिस्कस, व्हॉट?’ ‘रीच, व्हेअर?’ प्रश्नातच सोबत आहे की नाही ते कळतं. नुसता शब्द आणि त्याचा मराठी अर्थ पाठ केला, तर शब्द येतो पण त्याची वागणूक येत नाही.

ही अडचण आपल्या एकट्यांची नाही. ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत. परक्या मुलांना शब्दाचा अर्थ सांगून भागत नाही, शब्द वाक्यात कसा बसतो तेही सांगावं लागतं, हे त्यांनी ओळखलं. दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एक कोश केला, त्यात क्रियापदांचे साचे दिले. तो १९४२ साली जपानमध्ये निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने छापला. आज शिकणाऱ्यांसाठीचा ऑक्सफर्डचा जो जाडजूड इंग्रजी कोश मिळतो, त्याचं मूळ तिथे आहे. त्यात किंवा मोबाइलवरच्या अशा कोशात ‘एक्स्प्लेन’ काढून बघा. ‘एक्स्प्लेन समथिंग टू समबडी’ असा साचा दिसेल. ‘डिस्कस’ला ‘डिस्कस समथिंग’ दिसेल. मधे काही नाही. शंका आली की कोणाच्या तोंडाकडे बघू नका, कोशात बघा.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा.

हे नियम देवाने दिलेले नाहीत, रूढीने आलेले आहेत. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकमत नाही. निर्णयाविरुद्ध निषेध करायचा तर ब्रिटनमधला माणूस ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट द डिसिजन’ म्हणतो, अमेरिकन माणूस ‘अगेन्स्ट’ गाळून ‘प्रोटेस्ट द डिसिजन’ म्हणतो. ‘मला पत्र लिही’ याला ब्रिटनमध्ये ‘राइट टू मी’, अमेरिकेत ‘राइट मी’. दोघंही शिकलेले, दोघंही बरोबर. आणि ‘डिस्कस अबाउट’ आपल्याप्रमाणेच नायजेरियात आणि सिंगापूरमध्येही ऐकू येतं. उद्या कदाचित तेही रूढ होईल. आज मात्र परीक्षेत, अर्जात, नोकरीच्या मुलाखतीत ते चूक धरतात. म्हणून शिकून घ्यायचं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर चपला कुठे काढायच्या ते आपण विचारून घेतो ना, तसं.

आपल्या राज्यात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्यामुळे घराघरात एक नवंच चित्र दिसतं. आई इंग्रजीत एक वाक्य बोलायला जाते आणि मुलगा हसून म्हणतो, ‘आई, तसं नसतं गं, तू राहू दे.’ त्या ‘राहू दे’ने कितीतरी बायकांचं तोंड बंद झालंय. मग बँकेत नवरा बोलतो, शाळेत मोठी मुलगी बोलते, दवाखान्यात दीर बोलतो. बाई मागे उभी राहते. कर्ज तिच्या नावावर असतं, मूल तिचं असतं, दुखणं तिचं असतं, आणि बोलतं दुसरंच कुणी.

एका ‘अबाउट’साठी ही किंमत फार मोठी आहे. म्हणून आमचं सांगणं असं, की लिहिताना सावकाश लिहा, कोश बघा, जावांच्या जोड्या आठवा. बोलताना मात्र थांबू नका. ‘डिस्कस अबाउट’ निघालं तर निघू द्या, वाक्य पूर्ण करा, आपलं म्हणणं मांडा. आणि मुलगा हसला, तर त्यालाच विचारा, ‘बरं, ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ का नाही ते सांग बघू.’ बहुधा त्याला सांगता येणार नाही. मग त्याला शेजारी बसवा आणि मराठीतून समजावून सांगा, की चर्चा हे नाम आहे, त्याला ‘बद्दल’ लागतं, आणि ‘डिस्कस’ने ते आधीच पोटात घेतलंय.

पुढच्या वेळेपर्यंत एक गृहपाठ. ‘मेन्शन’, ‘डिस्क्राइब’, ‘व्हिजिट’ आणि ‘डिपेंड’ हे चार शब्द. यातल्या तिघी एकट्या फिरतात, एकीला सोबत लागते. कोणाला आणि कोणती, ते शोधा, एकेक वाक्य करा आणि मैत्रिणीला मोठ्याने म्हणून दाखवा. चुकलं तर हसा, पण एकमेकींना हसू नका.